संगीतकार वसंत देसाई यांची कारकीर्द
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात वैराग येथे झालेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून वसतिगृह, वधूवर मेळावा, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर वक्ते बोलत असतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही कार्यवाहांस विनंती केली, की आम्हांस थोडा निराळा विषय घेऊ द्यावा. त्यांनी ती मोठ्या मनाने मान्य केली, याबद्दल त्यांचे आभार. आमचा विषय आहे चित्रपटांस संगीत देणाऱ्या एका मराठी माणसाची कारकीर्द. त्यांचे नाव वसंत देसाई.

हा विषय घेण्यास एक कारण घडले. मंडळाच्या शिष्यवृत्ती फंडाकडे यंदा जे अर्ज आले, त्यांत एक अर्ज असा आहे, की मुलगा दहावीस चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला आहे, पेटी उत्तम वाजवितो, संगणकावर चाली बांधतो, आणि चित्रपटाचा संगीतकार व्हावयाचे म्हणून संगीताचे रीतसर शिक्षण घेऊ इच्छितो. त्याचे नाव येथे घेणे उचित नव्हे. वडिलांची परिस्थिती बेताची आहे. फंडाच्या नियमांत वैद्यकी, अभियांत्रिकी, अध्यापन, तंत्रशिक्षण यांची नावे आहेत, संगीताचे नाही. समितीत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, समाजाच्या घामाचा पैसा गाण्याबजावण्यावर उधळावयाचा नाही. दुसरा म्हणतो, मुलाच्या अंगी गुण आहे तर त्यास हात द्यावा. निर्णय उद्याच्या साधारण सभेवर सोपविलेला आहे. आम्ही त्या समितीवर नाही, व आम्ही संगीतज्ञही नाही. आम्ही जुने मॅट्रिक पास झालेले एक सेवानिवृत्त शिक्षक. परंतु पस्तीस वर्षांहून अधिक काळ मुले शिकविण्यात गेला आणि त्यांतील बहुतेक वर्षे शाळेच्या परिपाठाचे काम आमच्याकडे होते. तेव्हा मत देण्यापूर्वी सभासदांपुढे एका संगीतकाराचे आयुष्य मांडावे, त्याने हे शिक्षण कसे घेतले, पोट कसे भरले आणि समाजास काय दिले ते सांगावे, एवढाच हेतू आहे.

संगीतकार अनेक होऊन गेले. मग देसाईच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. सोलापूरच्या दोन सुपुत्रांवर जे दोन गाजलेले चित्रपट निघाले, त्या दोहोंचे संगीत याच गृहस्थांचे.

पहिले सुपुत्र डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. त्यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीस काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात ते होते. इतर परतले, कोटणीस राहिले. जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांनी त्याच भूमीवर देह ठेवला. त्यांच्या जीवनावर शांतारामबापूंनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि डॉक्टरांची भूमिका स्वतःच केली. दुसरे सुपुत्र शाहीर राम जोशी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात जन्मलेला हा ब्राह्मणाचा मुलगा तमाशाच्या फडात जाऊन बसू लागला, त्यापायी घराबाहेर पडला, आणि पुढे त्याच्याच लावण्या पेशवाईतील रसिकांनी डोक्यावर घेतल्या. त्याच्यावरील ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट १९४७ सालचा. दिग्दर्शन बाबूराव पेंटरांचे व शांतारामबापूंचे, लेखन ग. दि. माडगूळकरांचे, भूमिका जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या. मराठी पडद्यावर तमाशाप्रधान चित्रपटांची जी परंपरा पुढे चालली, तिची सुरुवात येथून झाली असे मानतात.

आता या दोन चित्रपटांत संगीतकाराचे काम किती भिन्न होते ते पाहा. एकात चीनची रणभूमी, परकी माणसे, परका वेष. दुसऱ्यात ढोलकी, तुणतुणे, कडे आणि सवाल जबाब. पहिल्यात प्रेक्षकाच्या कानास चीनचा भास व्हावयास हवा आणि तरीही गाणे आपल्याला गुणगुणता आले पाहिजे. दुसऱ्यात लावणीचा ठसका शाबूत राहून ती घरच्या बायकामुलांसमवेत ऐकता आली पाहिजे. एकाच माणसाने वर्षभराच्या अंतराने ही दोन कामे केली. दुकानात जसे एकाच गजाने लुगडेही मोजतात आणि मांजरपाटही, तसे हे नव्हे. येथे दर खेपेस गज नवा करावा लागतो.

वसंतरावांचा जन्म ९ जून १९१२ रोजी तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातील कुडाळजवळच्या सोनवडे या गावी झाला. भजन, कीर्तन आणि दशावतारी खेळ यांचा तो मुलूख. वैराग आमच्या लहानपणी जेवढे लहान होते त्याहून सोनवडे कितीतरी लहान. तेथे ना गानशाळा, ना ध्वनिमुद्रणाची सोय, ना कोणी वशिला. १९२९ साली कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी या मंडळींनी प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि हा सतराएक वर्षांचा मुलगा तिच्या दारात जाऊन उभा राहिला. त्या वेळी सिनेमा मुका होता. म्हणजे संगीतकार होण्याच्या इच्छेने जेथे तो गेला तेथे संगीतच नव्हते! तेव्हा पडेल ते काम करणे आले. ‘खुनी खंजर’ या मूकपटात लहानशी भूमिकाही त्याने केली. आजच्या पालकांनी या गोष्टीकडे जरूर लक्ष द्यावे. त्या मुलाच्या हाती ना पदवी होती, ना निश्चित पगाराची हमी. कामाच्या जागी टिकून राहण्याची चिकाटी मात्र होती.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी पडदा बोलू लागला. संगीत गोविंदराव टेंब्यांचे. त्यात वसंतरावांस गावयास मिळाले. त्या काळची रीत आजच्या मुलांस सांगितली तर नवल वाटेल. गाणे आधी मुद्रित करून नंतर नटाने ओठ हलवावयाचे, ही सोय तेव्हा झाली नव्हती. नट कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष गात असे आणि पेटी, तबला, सारंगी वाजविणारे कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर दडून बसत. एकाचा सूर हलला की सर्वांचीच मेहनत वाया. अशा शिस्तीत जो वाढला त्याचा कान पक्का होणारच. प्रभात १९३३ साली पुण्यास गेली, तिच्याबरोबर वसंतरावही गेले. तेथे टेंबे, केशवराव भोळे, मास्तर कृष्णराव या तीन मोठ्या संगीतकारांच्या हाताखाली त्यांना राबावयास मिळाले. टेंबे पेटीचे बादशहा आणि रंगभूमीचे जाणकार, भोळे भावगीताचे आणि पाश्चात्य वाद्यमेळाचे मर्मज्ञ, कृष्णराव भास्करबुवा बखल्यांच्या तालमीतले गवई. कोणत्या विद्यापीठात असे तीन प्राध्यापक एकाच वर्गास लाभले असतील?

ही उमेदवारी किती वर्षे चालली, तर सुमारे बारा वर्षे. आपल्याकडे मुलगा वैद्यकीचे शिक्षण घेतो तेव्हा आईबाप सात आठ वर्षे धीर धरतात. गाणाऱ्या मुलाकडून मात्र दुसऱ्याच वर्षी नाव आणि पैसा अपेक्षितात, आणि तो न दिसला की ‘काय उपयोग’ म्हणून पेटी माळ्यावर टाकतात. आमच्या डोळ्यांदेखत अशा किती पेट्या माळ्यावर गेल्या त्याची गणती नाही.

१९४२ साली शांतारामबापूंनी प्रभात सोडली आणि मुंबईत परळ येथे राजकमल कलामंदिर उभारले. वसंतराव त्यांच्याबरोबर निघाले. पुढच्याच वर्षी ‘शकुंतला’ झळकला आणि मुंबईत एकाच चित्रगृहात तो दोन वर्षे चालला. तेव्हापासून वसंत देसाई हे नाव स्वतंत्रपणे लोकांच्या तोंडी झाले. त्यापुढील पंधरा वर्षे म्हणजे या कारकिर्दीचा भर मध्यान्ह होय. कोटणीसांवरील व राम जोशींवरील चित्रपटांचा उल्लेख वर आलाच आहे. १९५१ साली ‘अमर भूपाळी’ आला. हा शाहीर होनाजी बाळांवरील चित्रपट. त्यातील पहाटेची भूपाळी शाहिराच्याच शब्दांची, तिला चाल वसंतरावांची, आणि गळे पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांचे. हा चित्रपट १९५२ च्या कान येथील जागतिक महोत्सवाच्या स्पर्धेत दाखविला गेला. भूपाळी मात्र महोत्सवापुरती राहिली नाही. पुढे कैक वर्षे आकाशवाणीच्या सकाळच्या कार्यक्रमातून ती घरोघर पोहोचली. जात्यावरच्या ओव्या बंद पडत चालल्या होत्या त्याच सुमारास ही नवी भूपाळी घरांत शिरली, आणि तरीही म्हाताऱ्या माणसांस ती परकी वाटली नाही. आमची आजी ती आपल्याच माहेरची म्हणून सांगत असे. आम्ही तिला कधी खोडले नाही.

१९५३ सालचा आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला चित्रपट. द्रौपदीने श्रीकृष्णाच्या बोटासाठी भारी वस्त्र फाडले, त्या प्रसंगावरील अत्र्यांच्या गीतास वसंतरावांनी दिलेली चाल आशा भोसले यांनी गायिली. ती ऐकताना आम्हांस नेहमी वाटते, की चाल गाण्याच्या पुढे धावत नाही. कथेकऱ्याच्या मागे उभा असलेला झांजकरी जसा बुवांच्या शब्दाकडे डोळे लावून असतो, तशी ती शब्दांच्या पाठीशी उभी आहे.

१९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’ हा नृत्यप्रधान रंगीत चित्रपट. शीर्षकगीतासाठी वसंतरावांनी उस्ताद अमीर खाँ यांस पाचारण केले आणि अडाणा रागातील ती चीज देशभर गाजली. जम्मूचे शिवकुमार शर्मा तेव्हा कोवळे तरुण होते. संतूर हे वाद्य काश्मीरबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात त्यांचे संतूर वाजले. पुढे त्या वाद्याने जग जिंकले हे आपण जाणताच. १९५९ साली ‘गूँज उठी शहनाई’ साठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई लाभली. लग्नाच्या मांडवात आणि देवळाच्या नगारखान्यात वाजणारी सनई चित्रपटाची नायिका झाली म्हणा ना!

आता ज्या चित्रपटाने आम्हां शिक्षकांस कायमचे ऋणी केले, तो ‘दो आँखें बारह हाथ’. साल १९५७. त्याची कथा माडगूळकरांची, आणि तिचे मूळ आपल्या शेजारचेच. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ च्या सुमारास एक खुला तुरुंग सुरू झाला. भिंत नाही, बेडी नाही, कैद्यांनी शेती करावी आणि विश्वासावर राहावे. सांगोल्याच्या शिवेपलीकडे हा प्रयोग झाला, आणि त्यावरील चित्रपटास १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. त्यातील भरत व्यासांच्या प्रार्थनेस वसंतरावांनी चाल दिली. ती प्रार्थना आज शाळाशाळांतून म्हटली जाते. म्हणणाऱ्या मुलांस ती सिनेमातील आहे याची वार्ताही नसते. आम्ही ती हजारो वेळा म्हणवून घेतली. त्या अनुभवावरून सांगतो, की मैदानावर उन्हात उभी असलेली चारशे मुले एकदम गाऊ लागतात तेव्हा बहुतेक गाण्यांची दैना उडते. पुढच्या रांगा एक ओळ पुढे, मागच्या एक ओळ मागे, मधली मुले गप्प. या प्रार्थनेचे तसे होत नाही. प्रत्येक ओळीनंतर श्वास घेण्यास जागा आहे, आवाज ताणावा लागेल इतकी पट्टी कोठे चढत नाही, आणि पहिलीतील पोरालाही ठेका सापडतो. चाल बांधणाऱ्याने न शिकलेल्या गळ्यांचा विचार करूनच ती बांधली आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पुढे १९७१ साली ‘गुड्डी’ या चित्रपटासाठी त्यांनी गुलजारांच्या आणखी एका प्रार्थनेस चाल दिली. तीही शाळांत रुळली. म्हणजे परिपाठाच्या दोन लोकप्रिय प्रार्थना एकाच माणसाच्या! गाण्याबजावण्यावर पैसा उधळू नये म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी आपली नातवंडे सकाळी साडेदहाला काय म्हणतात ते एकदा शाळेच्या कुंपणाशी उभे राहून ऐकावे.

येथवर सर्व चढतीचेच सांगितले. उतारही सांगितला पाहिजे, नाहीतर त्या मुलाच्या वडिलांची फसवणूक होईल. १९५९ साली शांतारामबापूंनी ‘नवरंग’ काढला, तेव्हा त्याचे संगीत वसंतरावांकडे नव्हते. ते सी. रामचंद्रांकडे गेले. हे सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, तेही आपलेच. त्यापुढील ‘स्त्री’ हा चित्रपटही त्यांच्याचकडे होता. ज्या घरात कोल्हापुरापासून सुमारे तीस वर्षे काढली, त्या घरचे काम असे दुसऱ्याकडे जाते. चित्रपटाच्या धंद्यात कायमची नेमणूक नसते, निवृत्तिवेतन नसते, आणि मागील यशाची पुण्याई पुढील करारास पुरत नाही. मात्र त्याच १९५९ साली ‘गूँज उठी शहनाई’ आला, हेही लक्षात ठेवावे. १९६५ च्या ‘इये मराठीचिये नगरी’ पासून राजकमलचे दारही पुन्हा उघडले.

ज्याचा पाया पक्का असतो त्यास एक दार बंद झाले तरी इतर दारे ठोठावता येतात. वसंतरावांनी रंगभूमीकडे पावले वळविली. विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ हे नाटक १९६० चे, ‘जय जय गौरीशंकर’ १९६६ चे. संगीत नाटक संपले अशी ओरड चालू असताना या नाटकांनी प्रेक्षक पुन्हा नाट्यगृहात आणला. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ साठी त्यांनी कुमार गंधर्वांबरोबर वाणी जयराम या दक्षिणेकडील नव्या गायिकेस गावयास बसविले, आणि त्याच गायिकेस ‘गुड्डी’ मध्ये मियाँमल्हाराचे गाणे देऊन हिंदी चित्रपटात आणले. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली आलेल्या ‘छोटा जवान’ मधील माडगूळकरांचे समरगीत महेंद्र कपूर यांच्या आवाजात गावोगावच्या मिरवणुकांतून गर्जले, तेही वसंतरावांचेच. २३ ऑक्टोबर १९६६ रोजी एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघापुढे गायिल्या. तेथे त्यांनी कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेले विश्वमैत्रीचे संस्कृत स्तोत्र म्हटले. त्याची चाल कोणाची? सोनवड्याच्या वसंत देसाईंची.

आणि हो, १९६८ च्या ‘आशीर्वाद’ मधील आगगाडीचे गाणे राहिलेच. हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांचे शब्द, म्हणणारे स्वतः अशोककुमार. ते गाणे कमी आणि पळते बोलणे अधिक. आम्हांस ते ऐकताना आपली बार्शी लाइट आठवते. कुर्डुवाडीहून बार्शीकडे येणारी अडीच फुटी रुळांची ती गाडी चढावर धापा टाकू लागली की पोरे उतरून बरोबर चालत, असे वडीलधारे सांगत. वर्गात कवायतीच्या तासाला आम्ही हे गाणे मुलांकडून म्हणवून घेत असू. श्वास कोठे घ्यावयाचा हे शिकविण्यास त्याहून चांगला धडा आम्हांस क्रमिक पुस्तकात आढळला नाही.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत उद्वाहकाच्या, म्हणजे लिफ्टच्या, अपघातात वसंतरावांचा अंत झाला. वय त्रेसष्ट. अखेरपर्यंत ते कामात होते.

आता पैशाचे बोलू. ते बोलल्यावाचून आपल्या समाजात कोणतीही चर्चा पुरी होत नाही, आणि होऊही नये. जुन्या काळी संगीतकारास चित्रपटागणिक ठराविक रक्कम मिळे व तेथे व्यवहार बहुधा संपे. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजो, त्याचे स्वामित्व निर्मात्याकडे. गीतकार व संगीतकारांच्या हक्कांसाठी एक संस्था १९६९ साली स्थापन झाली, परंतु १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वेगळा करार नसल्यास चित्रपटासाठी मोबदला देऊन करविलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच. पुढे २०१२ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळून इतरत्र गाणे वापरले गेले, तर स्वामित्वधनाचा समान वाटा गीतकारास व संगीतकारास मिळावा, आणि हा हक्क त्यांना कोणास लिहून देता येऊ नये, अशी तरतूद झाली. शेत विकले तरी विहिरीच्या पाण्याचा वाटा राखून ठेवतात, तसा हा प्रकार आहे. या मुलाने संगीत शिकावे तसे करारपत्र वाचावयासही शिकावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सुरांत तरबेज आणि सहीत भोळी, अशा माणसांची या धंद्यात वाण नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व जुने झाले. मग आजचे उदाहरण घ्या. ‘सैराट’ हा २०१६ सालचा चित्रपट आपल्या करमाळा तालुक्यातील नागराज मंजुळे यांचा, आणि चित्रीकरणही त्याच परिसरातले. त्यास संगीत अजय-अतुल या मराठी बंधूंचे. त्याआधी ‘जोगवा’ साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ‘सैराट’ चा वाद्यमेळ त्यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे, तेथील वादकांकडून वाजवून मुद्रित केला. करमाळ्याच्या उसाच्या रानातली गोष्ट आणि हॉलिवूडचे व्हायोलिन! आम्हांस त्यातील सर्वच गाणी रुचली असे नाही. काही ठिकाणी वाद्यांचा गलबला शब्दांवर चढतो, असे आमच्या जुन्या कानांस वाटले. परंतु खेड्यातील मुलास या विद्येत जागा नाही, हे म्हणणे आता कोणी करू नये.

संगणकाविषयी दोन शब्द. अर्जदार मुलगा संगणकावर चाली बांधतो, याचे काहींस कौतुक वाटते व काहींस तिटकारा. आम्हांस दोन्ही अनाठायी वाटतात. संगणक शंभर वाद्यांचे आवाज देईल. कोणत्या ओळीला कोणते वाद्य शोभेल, आणि कोठे सर्व वाद्ये थांबवून नुसता गळा ठेवावा, हे तो शिकविणार नाही. त्यासाठी टेंबे, भोळे, कृष्णराव यांच्यासारख्यांच्या पायाशी बसणे आले. तसे गुरू आपल्या भागात दुर्मिळ असले तरी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची वाट मोकळी आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास जे गांधर्व महाविद्यालय काढले, त्याचीच ही परंपरा. प्रारंभिक, दोन प्रवेशिका, दोन मध्यमा, दोन विशारद, अशा सात पायऱ्या चढाव्या लागतात. विशारद झालेल्यास संगीतशिक्षक म्हणून उभे राहता येते. चित्रपट मिळो वा न मिळो, भाकरी मिळते. साथसंगत, ध्वनिमुद्रणगृहातील काम, नाट्यसंगीत, भजनी मंडळे, जाहिरातींचे संगीत, ही आणखी काही दारे आहेत. प्रत्येक दारामागे राजकमल नसते, हे त्या मुलास आम्ही समक्ष सांगितले आहे. तो हसला नाही व हिरमुसलाही नाही. त्याने विचारले, की विशारदपर्यंत किती फी पडेल. हा प्रश्न आम्हांस आवडला.

तेव्हा उद्याच्या सभेपुढे आमची सूचना अशी आहे. शिष्यवृत्तीच्या नियम क्रमांक चारमध्ये ‘तंत्रशिक्षण’ या शब्दापुढे ‘व शास्त्रीय संगीत’ हे शब्द घालावेत. शिष्यवृत्ती एकदम न देता वर्षावर्षाने द्यावी, आणि त्या वर्षीची गांधर्व मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र पाहूनच पुढील हप्ता द्यावा. मुलाने बारावीपर्यंतचे व त्यापुढील पदवीचे शिक्षण सोडू नये, ही अट असावी. मुलींनाही हाच नियम लागू असावा, कारण आलेल्या अर्जांत नसली तरी पेटी वाजविणारी मुलगी आमच्या माहितीत आहे, आणि तिच्या आईने ‘लोक काय म्हणतील’ म्हणून अर्ज केला नाही. त्या माउलीने पुढील वर्षी अर्ज करावा. समाजाचा पैसा वाया जाऊ नये ही विरोधी पक्षाची चिंता रास्त आहे, म्हणूनच या अटी घातल्या आहेत. त्यांत आणखी कडक अट कोणास सुचली तर आम्ही ती आनंदाने मान्य करू.

सूचना लेखी स्वरूपात आम्ही कार्यवाहांकडे दिली आहे. तिला अनुमोदकाची सही हवी, ती उद्या दहाच्या आत व्हावी. आणि आपल्या सभागृहाच्या कोठीत मंडळाची जी पेटी पडून आहे, तिचा भाता फाटला आहे व तीन स्वर दबलेले आहेत. ती बार्शीस नेऊन दुरुस्त करून आणण्याचा खर्च आमच्याकडे. नेण्यास गाडी कोणी द्यावी, एवढेच मागणे आहे.